अकरा पानांपुरती

क्लेमेंटीन तुस्कानो बाईंचं कोणाशी जमतं, असं वसईतल्या सांडोर गावात मी आजवर ऐकलेलं नाही. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. मी त्यांच्या हाताखालून गेले. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की वहीवर लाल पेनाने असा गोल काढायच्या की मागचं पान फाटायचं. पण मार्क कोणाच्या बापाकडे बघून वाढवले नाहीत आणि रागावर कापलेही नाहीत. सख्ख्या पुतण्याला त्यांनी नववीत नापास केलं, तेव्हा दीर ॲन्सेल्मने अंगणात येऊन तोंडाला येईल ते ऐकवलं. मार्क तेच राहिले.

नवरा गेला आणि बाई निवृत्त झाल्या, दोन्ही एकाच वर्षी. तेव्हापासून वाडी त्याच बघतात. केळी, अळू, थोडी भेंडी, आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं; पावसाचं पाणी त्यात साठतं आणि उन्हाळाभर केळींना पुरतं. बाईंच्या आजेसासऱ्यांच्या आधीपासून ते तिथे आहे. पावसात ते भरलं की जास्तीचं पाणी पूर्वेच्या चरातून निघून जायचं. नऊ वर्षांपूर्वी पूर्वेची जागा विकली गेली, तिथे सात मजली इमारत उभी राहिली आणि इमारतीच्या कुंपणाची भिंत नेमकी त्या चरावर आली. त्यानंतर दर जुलैत बाईंच्या केळी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून कुजायला लागल्या.

इमारतीसाठी जमीन मोजायला माणसं आली होती तेव्हा बाईंनी त्यांच्या खुंट्या उपटून बावखलात टाकल्या होत्या. ते लोक परत आले, परत खुंट्या ठोकल्या. बाईंनी परत उपटल्या. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ते पोलीस घेऊन आले.

त्या सात मजल्यांत छप्पन्न कुटुंबं राहायला आली. कोणी कोकणातलं, कोणी सातारा-सांगलीचं, कोणी गिरगावातली खोली विकून आलेलं. बाईंच्या लेखी ती छप्पन्न कुटुंबं नव्हतीच. एकच माणूस होता आणि त्याचं नाव ‘बिल्डिंगवाले’. बिल्डिंगवाले पाणी अडवतात. बिल्डिंगवाले कचरा टाकतात. चर्चमध्ये भेटल्या तरी हेच, बाजारात भेटल्या तरी हेच.

त्यातल्या त्यात दुसरा मजला त्यांच्या डोक्यात बसला होता. वाडीवर उघडणारी तिथली एक खिडकी. तिच्यातून रोज भाजीची सालं खाली पडायची. कधी शिळा भात. आणि रोज सकाळी बाई पाणी सोडायला गेल्या की त्या खिडकीतून कोणीतरी चिरक्या आवाजात ओरडायचं, “शेवंते! ए शेवंते!” बाईंना वाटायचं, आपल्याला चिडवतात. त्यांनी फांदी उगारून उत्तर द्यायचं, “खाली ये, मग दाखवते तुला शेवंती!” वरून पुन्हा तीच हाक.

त्या घरातली उन्नती शेट्ये नावाची बाई बाईंना नावानिशी माहीत होती, कारण तिनेच महापालिकेत तक्रार केली होती. वाडीत वाळलेली केळीची पानं जाळतात, धुराचा त्रास होतो. बाईंना नोटीस आली. तीस वर्षं ज्या कोपऱ्यात पानं जाळली, तिथे जाळायची नाहीत म्हणे. बाईंनी नोटीस वाचली, तिच्यातल्या तीन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट पानं जाळली.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये ते झालं. सकाळी बाई केळीत शिरल्या तर एका घडावर मोठ्या माणसाचं वापरलेलं डायपर अडकलेलं. बाईंनी ते काठीने उचललं, सोसायटीच्या फाटकावर तारेने बांधलं आणि शेजारी पुठ्ठा लावला. त्यांचं अक्षर फळ्यावर असायचं तसंच, सुरेख, एकही चूक नाही: ‘दुसऱ्या मजल्याची भेट. आपली घाण आपल्या घरात ठेवा.’

संध्याकाळपर्यंत तो फोटो अख्ख्या वसईत फिरला. मलाही आला. मी हसले. खोटं कशाला सांगू, मी तो आणखी दोघींना पाठवला.

सोसायटीचा सेक्रेटरी हर्षवर्धन याने वॉचमनला लेखी दिलं की या बाईला फाटकाच्या आत घ्यायचं नाही. बाई म्हणाल्या, “आमंत्रण दिलं तरी थुंकायला येणार नाही मी तिथे.”

मी स्वप्ना. एका लहान वाचनालयात ग्रंथपाल आहे. आम्ही दर वर्षी कथास्पर्धा घेतो. कथा टाइप करून मागवतो, त्यावर नाव घालू देत नाही, फक्त क्रमांक. नावांची वही माझ्या कपाटात असते. त्या वर्षी परीक्षक म्हणून मी तुस्कानो बाईंना विचारलं. बाहेर ते जाहीर केलं नव्हतं.

एकूण तेवीस कथा आल्या. चौदा नंबरची आली तेव्हा वहीत नाव लिहिताना माझा हात थांबला. उन्नती शेट्ये. मी कथा वाचली. मग बाकीच्या बावीस कथांबरोबर ती बंडलात बांधली आणि जुलैतल्या एका दुपारी सांडोरला जाऊन बाईंच्या ओट्यावर ठेवून आले. ती बाजूला काढता आली असती, परीक्षक बदलता आला असता. मी दोन्ही केलं नाही. का केलं नाही, ते तेव्हाही मला धड सांगता आलं नसतं.

पुढे काय झालं ते बाईंनी मला नंतर सांगितलं, तेही रागातच.

तेरा कथा त्यांनी दोन दिवसांत निकालात काढल्या. कोणाला तीन मार्क, कोणाला चार. चौदावी त्यांनी दुपारी जेवून हातात घेतली. त्यात ‘मी’ म्हणून बोलणारी बाई आपल्या आईची गोष्ट सांगत होती. विधवा आई, घरामागे बाग, बागेत विहीर. एक दिवस माणसं येतात आणि विहिरीच्या काठावर लाल रंगाने फुली मारून जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे आई नारळाच्या काथ्याने घासघासून ती फुली काढते. माणसं पुन्हा येतात, पुन्हा फुली. आई पुन्हा काथ्या घेऊन बसते. लेक तिला सांगते, आई, कागदावर ठरलंय, दगड घासून ते पुसलं जायचं नाही. आई म्हणते, “माझ्या दगडावर त्यांचं अक्षर नको.”

बाईंनी तिथे पेन्सिलीने रेघ मारली. परीक्षक म्हणून नाही. त्यांचा हात आपोआप गेला.

पुढे वाचत गेल्या तशा त्या ओट्यावर उरल्याच नाहीत. विहिरीत पहिला डंपर माती टाकतो तेव्हा बाईंना आपल्या बावखलाच्या कडेला इमारतीसाठी टाकलेला भराव दिसत होता. घर मोडायला लोक येतात तेव्हा आई ताकाचा माठ कडेवर घेऊन उभी राहते, लहान मूल घ्यावं तसा. बाई मला म्हणाल्या, “मला तो माठ इथे, कमरेवर जड लागला.” त्यांना पक्कं वाटलं की ही आपल्याच कोणीतरी लिहिली आहे. शेजारच्या वटार गावची असेल, नाहीतर आपल्याच गावातली. बोली पुसून शुद्ध भाषेत लिहिली आहे, एवढंच. अकराव्या पानाच्या तळाशी त्यांनी समासात लिहिलं: ‘पहिली.’

मग बारावं पान उलटलं.

बाराव्या पानावर लेक आईला आपल्या घरी आणते. घर दुसऱ्या मजल्यावर. आईला मागचं काही आठवत नाही, पुढचं कळत नाही. पण स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली की तिला खाली केळी दिसतात, पाणी दिसतं. ती म्हणते, ही आपली बाग. इथेच तर होती. मग ती रोज सालं खाली टाकते, जन्मभर घरामागच्या गायरीत टाकत आली तशी, शेणात कुजून खत होईल म्हणून. खाली एक पांढऱ्या केसांची बाई काम करत असते. आईला ती आपली मेलेली जाऊ वाटते. ती तिला हाक मारते: शेवंते, ए शेवंते.

बाईंनी पान खाली ठेवलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती. त्यांनी पान पुन्हा उचललं.

धूर झाला की आईला वाटतं घर पेटलं. ती कळशी घेऊन जिन्याकडे धावते, दोनदा पडते. लेक तक्रार करते. खालची बाई दुसऱ्या दिवशी जास्त धूर करते. एकदा लेक ऑफिसला गेलेली असताना आई अंगावरचं डायपर काढते आणि खिडकीतून टाकते. संध्याकाळी लेक घरी येते तर फाटकावर ते टांगलेलं. सुरेख अक्षरात पाटी. सात-आठ जण फोटो काढतायत, एक जण हसतोय. लेक तार सोडवते. बोटाला तार लागते. हातात ते घेऊन ती लिफ्टमध्ये शिरते, आतली तिघं नाकाला रुमाल लावून बाहेर पडतात. घरी आई विचारते, “शेवंती काय म्हणते गो? बोलत का नाय माझ्याशी?”

कथा तिथे संपत होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आत बाई दारात होत्या. छत्रीचं पाणी तसंच फरशीवर ठिबकत होतं. त्यांनी चौदा नंबर माझ्या टेबलावर आपटला.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“माझ्यावर डाव टाकलास? माझ्या विद्यार्थिनीने?”

“त्यांना परीक्षक कोण ते माहीत नाही, बाई. आणि तुम्ही तर म्हणता, कथेला नाव नसतं.”

“मला शिकवू नकोस!” त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की पेपर वाचत बसलेले दोन म्हातारे उठून गेले. “फसवलंय मला त्या बाईने. पहिल्याच ओळीत दुसरा मजला लिहिला असता तर मी काय केलं असतं? लाल पेन काढलं असतं. तिला ते ठाऊक आहे. म्हणून लपवून ठेवलं. आधी विहीर दाखवली, माठ दाखवला. अकरा पानं मी ती होते, स्वप्ना! तिची आई ती माझी आई. आणि मग मला ओढत नेऊन त्या फाटकासमोर उभं केलं, आणि ती पाटी मला वाचायला लावली. माझ्याच अक्षरात!”

“मग शून्य द्या.”

त्या खुर्चीवर बसल्या. ओली छत्री त्यांनी मांडीवर आडवी घेतली.

“काल संध्याकाळी शून्यच दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “खोडलं. बत्तीस वर्षांत असलं काही केलं नाही, आता करू? पहिली आहे ती. उरलेल्या नऊही रात्री वाचल्या, पहिलीच आहे. शुद्धलेखनाचे दोन मार्क कापलेत.” मग उठता उठता माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “तू मात्र माझ्या घरी येऊ नकोस.”

महिनाभर मी गेले नाही.

बक्षीस समारंभ ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी होता. बाई येणार नाहीत असंच मी धरून चालले होते. त्या आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. उन्नती उशिरा आली, मागे उभी राहिली. पस्तिशीची, सडपातळ, डोळ्यांखाली काळं. पहिला क्रमांक म्हणून तिचं नाव घेतलं तेव्हा ती पुढे आली, आणि पाकीट हातात घेऊन कोण उभं आहे ते तिला दिसलं.

ती जागीच थांबली.

“या परीक्षक?” तिने मला विचारलं. मी मान हलवली.

“मला नको.”

“बक्षीस गोष्टीला आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला नाही. घ्या.”

“का? रडलात म्हणून?” उन्नतीचा आवाज वर चढला नाही, त्यामुळे तो जास्त बोचला. “मी ती तुमच्यासाठी लिहिली नव्हती. तुम्ही वाचणार हे माहीत असतं तर लिहिलीच नसती. तुम्हाला कागदावरची आई आवडली ना? तीच दोन वर्षं खिडकीत उभी होती. रोज तुम्हाला हाक मारत होती. तेव्हा वर बघून तुम्ही फांदी दाखवलीत. ती समजायला तुम्हाला टाइप केलेले सोळा कागद लागले?”

बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि खाली जाऊन बसल्या. उन्नती पाकीट न घेता निघून गेली. नंतर मी ते पोस्टाने पाठवलं; ते परत आलं नाही एवढंच.

पानं जाळणं बाईंनी त्याआधीच थांबवलं होतं. कोपऱ्यात खड्डा खणून घेतला, पानं त्यात जायला लागली. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पावसाळ्यात तसाही धूर कमी, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

समारंभानंतरच्या सोमवारी सकाळी खिडकीतून हाक आली: “शेवंते! ए शेवंते!”

बाई पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हटलं, “ओ!”

दोन वर्षांत पहिल्यांदा हाकेला ओ मिळाली होती. वरची म्हातारी ग्रिलला धरून पुढे झुकली आणि म्हणाली, “पानी आलं काय गो?”

“आलं, आलं,” बाई म्हणाल्या. “भरलंय काठोकाठ.”

तेवढ्यात मागून एक हात आला आणि खिडकी धाडकन बंद झाली. दुसऱ्या दिवशी ग्रिलला आतून निळं प्लास्टिक बांधलेलं होतं. त्याच्या मागून हाक येतच राहिली आणि बाई ओ देतच राहिल्या. चौथ्या दिवशी उन्नती स्वतः वाडीच्या बांधावर आली. ऑफिसची पर्स खांद्याला, पायात चिखल.

“माझ्या आईची चेष्टा बंद करा.”

“चेष्टा नाही करत.”

“मग काय करता?”

“हाक मारली की ओ देतात,” बाई म्हणाल्या.

“दोन वर्षं नाही दिलीत.”

“नाही दिली.”

“आता देऊन तुम्हाला बरं वाटतं. तिला काय? ती दिवसभर विचारते, शेवंती वर का येत नाही, मला खाली ने. मी ऑफिसला गेल्यावर तिला कोण आवरणार? तुम्ही?”

बाई म्हणाल्या, “हो. येते मी.”

“तुम्हाला माझ्या घरात घेईन मी?” उन्नती हसली. ते हसू बघून तुला थंडी भरली असती, असं बाई मला म्हणाल्या. “ते फाटकावरचं तुम्ही बांधलंत, पण सोडवलं मी. हा हात.” तिने हात पुढे केला. बोटावर पांढरा व्रण होता. “गोष्ट वाचून तुम्ही बदललात, चांगलं आहे. पण मी काही वाचलेलं नाही.”

ती गेली. बाईंनी ओ देणं बंद केलं. हाक यायची तेव्हा त्या काम थांबवून नुसत्या उभ्या राहायच्या, हाक संपेपर्यंत. आठवडाभराने खिडकीचं प्लास्टिक निघालं. का निघालं, कोणी सांगितलं नाही. म्हातारी बाईंना बघायची, बाई म्हातारीला. सालं पडायची ती बाई उचलून खड्ड्यात टाकायच्या.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला फाटकापाशी गाडी उभी राहिली, बांबू उतरले. बाईंनी हातपाय धुतले, साडी बदलली आणि गेल्या. वॉचमनने अडवलं. “मॅडम, तुमच्यासाठी ऑर्डर आहे. सेक्रेटरीसाहेबांना विचारावं लागेल.”

“विचारू नकोस,” बाई म्हणाल्या. “बरोबर आहे ती ऑर्डर.”

त्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. खांद्यावरून म्हातारीला बाहेर आणलं तेव्हा बाईंनी छातीवर क्रूस केला. उन्नती मागे होती. तिने बाईंकडे बघितलं. त्या नजरेत काही उतरलं होतं असं मला सांगता आलं असतं, पण बाई म्हणतात तसं काही नव्हतं. “तिने बघितलं आणि गेली. मीही तेच केलं असतं.”

त्यानंतर दोन-एक महिन्यांनी बाई माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या. आनंदाने नाही. दुसरं कोणी उरलं नव्हतं म्हणून.

कारण जानेवारीत गावाची बैठक झाली. इमारतीतली माणसं बाजारात जायला वाड्यांमधली जुनी पायवाट वापरतात. त्या वाटेला लोखंडी दार लावून बिल्डिंगवाल्यांना बंदी करायची, असा ठराव होता. ठराव मांडला ॲन्सेल्मने. तो गावच्या बोलीत बोलत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. एक वर्षापूर्वी हाच ठराव बाईंनी मांडला असता, याहून कडक शब्दांत. मी ग्रंथालयाचं एक निवेदन घेऊन गेले होते म्हणून तिथे होते.

ॲन्सेल्म म्हणाला, “या बिल्डिंगवाल्यांना आपल्या मातीची काय कदर? यांची जमीन कधी गेली आहे का?”

बाई उठल्या. “कोणाची विचारतोस?”

“म्हणजे?”

“बिल्डिंगवाले, बिल्डिंगवाले. कोण? नाव सांग. छप्पन्न घरं आहेत. तुला किती जणांची नावं माहीत आहेत? कोणाची विहीर कशात गेली, कोणाचं घर कोणत्या रस्त्याखाली आहे, ते विचारलंस कधी?”

“वैनी, तुमच्या केळी कोणी कुजवल्या मग? आम्ही?”

“भिंतीने. भिंत ज्याने बांधली त्याच्याशी मी भांडते आहे, मरेपर्यंत भांडेन. पायवाटेवरून पिशवी घेऊन जाणाऱ्या बायकांनी माझी एक केळ कुजवली नाही.”

“एक गोष्ट वाचली आणि पाघळल्या!” मागून कोणीतरी म्हणालं. गोष्टीची गोष्ट गावभर झालीच होती. लोक हसले. “टीचरना बिल्डिंगमध्ये फ्लॅट द्या रे!”

बाई वळल्या. वर्गात वळायच्या तशाच. पण तो वर्ग नव्हता, आणि हसू थांबलं नाही. ॲन्सेल्मही हसत होता. मग त्याचं हसू गेलं आणि तो खालच्या आवाजात म्हणाला, “तुम्ही आमच्या नाहीत राहिल्या, वैनी.”

“मी कोणाचीच नव्हते,” बाई म्हणाल्या. “मार्क देताना तरी.”

ठराव मंजूर झाला, विरुद्ध एकच मत. दार आलंही, हिरव्या रंगाचं, दोन खांबांचं. पण वाट जिथे अरुंद होते तिथली जमीन बाईंच्या सातबाऱ्यात आहे. खांबासाठी खड्डा खणायला माणसं आली तेव्हा बाई त्या जागेवर खुर्ची टाकून बसल्या. ॲन्सेल्मने आवाज चढवला, वकिलाची धमकी दिली. बाईंनी कागद पुढे केला. ते दार अजून ॲन्सेल्मच्या गोठ्याला टेकवून ठेवलेलं आहे. ॲन्सेल्म रविवारी जेवायला यायचा तो यायचा थांबला. चर्चमध्ये बाईंच्या बाकावर हल्ली कोणी बसत नाही.

परवा गेले होते त्यांच्याकडे. त्या भिंतीच्या तक्रारीचा सहावा अर्ज लिहीत होत्या. सेक्रेटरी हर्षवर्धनला त्या अर्जात त्यांनी जे काही म्हटलंय ते छापण्यासारखं नाही. पायवाटेवरून इमारतीतल्या दोघी-तिघी भाजी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी बाईंकडे बघितलं नाही. बाईंनीही मान वर केली नाही.

“आवडायला लागले का हो ते लोक तुम्हाला?” मी विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या, आणि अर्जाची पुढची ओळ लिहायला घेतली.